गंजापासून फ्युएल सेलपर्यंत : अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेचा इतिहास

आंजर्ल्याच्या स्मरणिकेत शाळेचा इतिहास यावा, देवस्थानाचा यावा, वाचनालयाचा यावा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेचा इतिहास इथे कशासाठी, असे कोणीही विचारील. पण आपल्या गावाची निम्मी हकिगत मुंबईत घडलेली आहे. हर्णैला आगबोट लागत असे तेव्हा आंजर्ल्याची माणसे तरीतून खाडी ओलांडत, हर्णैला पडावात बसून बोटीवर चढत आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरत. धक्क्याच्या जवळच माझगाव डॉक, थोडे दक्षिणेला नेव्हल डॉकयार्ड. गिरण्यांच्या जोडीने या गोद्यांच्या फाटकांनीही कोकणातली पुष्कळ माणसे आत घेतली. माझगाव डॉकच्या पाणबुड्यांबद्दल वर्तमानपत्रांत छापून येते. पाणबुडीचे पोलाद सडू नये, तिचा आवाज बाहेर जाऊ नये आणि तिला पाण्याखाली जास्त दिवस राहता यावे, यासाठी सत्तर वर्षांहून अधिक काळ खटपट करणारी दुसरी संस्था मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. तिचे नाव नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी, बोलण्यात एनएमआरएल.

तिचा जन्म अंबरनाथचा नव्हे. १९५३ साली नौदलाने मुंबईच्या डॉकयार्डात एक छोटी प्रयोगशाळा काढली आणि तिला नेव्हल केमिकल अँड मेटलर्जिकल लॅबोरेटरी असे लांबलचक नाव दिले. ती गोदी तशी फार जुनी. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांनी अठराव्या शतकात ती उभी केली. १७५० मध्ये तिथली पहिली सुकी गोदी पुरी झाली आणि त्यानंतर पाचच वर्षांनी मुंबईहून निघालेल्या कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग आंग्र्यांकडून जिंकला. कड्यावरच्या गणपतीहून जो किल्ला आपण पाहुण्यांना बोट करून दाखवतो, त्याची आणि मुंबईच्या गोदीची ओळख अशी जुनी आणि कडवट आहे. पेशव्यांनीच त्या मोहिमेत इंग्रजांना साथ दिली होती, हे पाहुण्यांना सांगायचे आपण बहुधा विसरतो.

१९५३ मध्ये या प्रयोगशाळेपुढे पाणबुडीचा प्रश्नच नव्हता, कारण भारताकडे एकही पाणबुडी नव्हती. काम होते ते रसायनांचे आणि धातूंचे, म्हणजे जहाजाला समुद्र जे काही करतो ते समजून घेण्याचे. पोलादाचे जहाज आणि त्याला काशाचा किंवा तत्सम मिश्रधातूचा पंखा, दोन्ही खाऱ्या पाण्यात, की आपोआप एक विद्युतघट तयार होतो. त्यात झीज पोलादाच्या वाट्याला येते. यावर जुना उपाय म्हणजे पोलादाहून आधी झिजणारा धातू मुद्दाम सोबत लावायचा. जस्ताचे ठोकळे बुडाला बसवायचे. ते झिजतात, जहाज टिकते. पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे ठोकळे आले आणि बाहेरून नेमका विद्युतप्रवाह देऊन गंज थोपवण्याच्या यंत्रणा आल्या. या सगळ्याचा अभ्यास आणि त्यावरची देशी उत्पादने हे या संस्थेचे पायाभूत काम. ऐकायला रुक्ष वाटते. पण गंजलेल्या कवचाची पाणबुडी खोलवर नेता येत नाही, त्यामुळे पुढच्या सगळ्या चमकदार गोष्टी या रुक्ष कामावर उभ्या आहेत, हे इथेच नोंदवून ठेवतो.

दुसरा शत्रू आपल्या चांगल्या परिचयाचा. होडी चार महिने खाडीत नुसती उभी ठेवली तर तिच्या बुडाला काय काय चिकटते, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असते. शेवाळ, शिंपले, खरखरीत टरफलांचे थर. लाकूड पोखरणारी कीड वेगळीच. आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना मुशीच्या यकृताचे तेल चोपडत असत. नौदलाच्या जहाजाला हे थर लागले की वेग उतरतो, इंधन जास्त जळते आणि पाण्यात आवाजही वाढतो. म्हणून बुडाला असा रंग द्यावा लागतो की ज्यातून तांब्याची संयुगे हळूहळू झिरपत राहतील आणि जीव चिकटणार नाहीत. हा रंग तपासायची रीत साधी पण चिकाटीची आहे. पोलादाच्या पट्ट्यांवर वेगवेगळे रंग द्यायचे, त्या पट्ट्या तराफ्याला टांगून समुद्रात सोडायच्या आणि ठरावीक दिवसांनी वर काढून बघायचे. कोणत्या पट्टीवर काय उगवले, किती उगवले, कुठे रंगाचा पापुद्रा सुटला, याची नोंद करायची आणि पट्टी पुन्हा पाण्यात सोडायची. पावसाळ्यातले पाणी वेगळे, उन्हाळ्यातले वेगळे, म्हणून घाई चालत नाही. युरोपातल्या थंड समुद्रासाठी केलेला रंग मुंबईच्या कोमट, गढूळ पाण्यात तितकाच टिकेल असे नसते. या कामासाठी देशात वेगळी प्रयोगशाळा लागते ती त्यामुळेच. त्यातच कथिलाची संयुगे असलेले अत्यंत प्रभावी रंग शंखशिंपल्यांच्या पैदाशीवर घाला घालतात असे जगभर दिसून आले, २००१ साली त्यांच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो लागू झाला. रंगाच्या पाककृती पुन्हा मांडणे भाग पडले.

१९५८ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, स्थापन झाली आणि पुढे ही प्रयोगशाळा तिच्या छत्राखाली आली. गोदीतली जागा अपुरी पडू लागल्यावर संस्था अंबरनाथला शीळ-बदलापूर रस्त्यालगत हलली आणि आजचे नाव तिने घेतले. कर्जत मार्गावरच्या लोकलमध्ये बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिचा पत्ता माहीत असेल. डॉ. जे. नारायण दास, डॉ. आर. एस. हस्तक यांच्यासारखे संचालक तिला लाभले. मधल्या काळात पाण्यातले आर्सेनिक काढून टाकणारी घरगुती गाळणीही इथे तयार झाली आणि ती बंगालमधल्या खेड्यांच्या कामी आली. नौदलाशी तिचा काही संबंध नाही; पण रसायनशास्त्रज्ञांच्या हाताला अशी जोडकामे लागत असतात.

आता पाणबुडीकडे वळू. ८ डिसेंबर १९६७ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात पहिली ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली. तो दिवस अजून पाणबुडी दिन म्हणून पाळतात. १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला: दोन कीलला बांधायच्या, दोन मुंबईला. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘शाल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली आणि ‘शंकुल’ २८ मे १९९४ रोजी. भारतात पाणबुडी बांधता येते हे सिद्ध झाले. मग काय झाले? काहीच नाही. खरेदीवरून गदारोळ झाला होता, पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार बारगळला आणि पाणबुडीच्या कवचाचे जाड पोलाद जोडायला शिकलेले हात दुसऱ्या कामाला लागले. पुढचा करार फ्रेंचांबरोबर ऑक्टोबर २००५ मध्ये झाला आणि त्यातली पहिली पाणबुडी, नवी ‘कलवरी’, १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. ‘शंकुल’ ते ‘कलवरी’ तेवीस वर्षे. एका वेल्डरची निम्म्याहून अधिक नोकरी एवढ्यात संपते. बंद पडलेल्या कारखान्यात यंत्रे गंजतात, ती पुन्हा घासूनपुसून घेता येतात. हातातले कसब गेले की ते परत आणायला पिढी लागते. या देशाच्या पाणबुडी-कारभारात याहून मोठे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही. कोणा एका खात्याला दोष देऊन ते भरूनही येणार नाही.

नव्या ‘कलवरी’च्या चाचण्यांची एक तारीख मराठी वाचकाच्या लक्षात राहण्याजोगी आहे. १ मे २०१६, महाराष्ट्र दिन. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती स्वतःच्या बळावर मुंबई बंदराबाहेर पडली, मुख्य मोटर, सुकाणू, दिशादर्शन आणि दळणवळणाची साधने तपासून संध्याकाळी परत आली. पाणबुडी अशीच हळूहळू अजमावली जाते: आधी पृष्ठभागावर, मग उथळ पाण्यात बुडी, मग खोल. मार्च २०१७ मध्ये तिने पाण्याखालून जहाजविरोधी क्षेपणास्त्र डागले आणि तेव्हाही ती नौदलात रीतसर दाखल व्हायला नऊ महिने बाकी होते. तिची धाकटी बहीण ‘खांदेरी’. अलिबागजवळच्या थळसमोर शिवाजी महाराजांनी वसवलेल्या जलदुर्गाचे नाव तिला दिले आहे.

पाणबुडी दिसत नाही, ऐकू येते. तिच्या साऱ्या संरक्षणाचा हा गाभा. शत्रूचे जहाज पाण्यात आवाजाची लाट सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपते. किंवा नुसते कान लावून आपल्या यंत्रांची घरघर ऐकते. दोन्हींवर उपाय म्हणजे कवचाला बाहेरून चिकटवलेल्या रबराच्या जाड लाद्या. आलेली लाट त्या पितात आणि आतला आवाजही थोपवतात. अशा लाद्यांवर आणि कंपने गिळणाऱ्या पदार्थांवर या प्रयोगशाळेने बरेच काम केले आहे. अडचण अशी की रबरातल्या पोकळ्यांमुळे आवाज मरतो आणि खोलवर गेले की पाण्याच्या दाबाने त्याच पोकळ्या चेपतात. उथळ पाण्यात पहिला नंबर काढणारी लादी खोलवर जेमतेम काठावर पास होते. शिवाय ती चिकटून राहिली पाहिजे. खारे पाणी, ऊन, पुन्हा थंड पाणी, दाब वाढतो, उतरतो, आणि एके दिवशी लादीचा कोपरा सुटतो. तो सुटलेला कोपरा पाण्यात फडफडू लागला की आवाज लपवण्यासाठी लावलेली लादीच आवाज करू लागते. त्यामुळे सरस कुठला वापरायचा हा प्रश्न लादीइतकाच मोठा.

संस्थेचे नाव सर्वांत जास्त झाले ते मात्र तिसऱ्याच कामामुळे. ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुडीत बॅटरीचे ३६० घट असतात आणि एकेक घट ७५० किलोचा. म्हणजे २७० टन वजन नुसत्या बॅटरीचे. पाण्याखाली ती त्यावरच चालते. बॅटरी उतरली की पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन हवेसाठी नळी बाहेर काढावी लागते आणि डिझेल इंजिने चालवून बॅटरी भरून घ्यावी लागते. हे दोन-तीन दिवसांनी करावेच लागते आणि ती पकडली जाण्याची वेळ हीच. बाहेरच्या हवेवाचून वीज करता आली तर हाच मुक्काम दोन आठवड्यांपर्यंत लांबतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून या तंत्राला एआयपी म्हणतात. स्वीडनने त्यासाठी स्टर्लिंग इंजिन वापरले, फ्रेंचांनी अल्कोहोल जाळून वाफेची टर्बाइन फिरवली (पाकिस्तानच्या ‘हमझा’मध्ये ती आहे), जर्मनांनी फ्युएल सेल निवडला. जाळण्याच्या रीतीत धूर होतो आणि तो खोल पाण्याच्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलावा लागतो. फ्युएल सेलमध्ये ज्वलन नाही, हलणारा भाग जवळजवळ नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज आणि पाणी तयार होते.

अंबरनाथकरांनीही फ्युएल सेलच धरला, पण जर्मनांचा नव्हे. जर्मन घटाला अतिशुद्ध हायड्रोजन लागतो आणि तो विशेष धातूंच्या टाक्यांत कोंडून न्यावा लागतो. एनएमआरएलने फॉस्फोरिक आम्लाचा घट घेतला. तो दीडशे ते दोनशे अंश तापमानाला चालतो आणि हायड्रोजनमधली थोडी अशुद्धता खपवून घेतो. त्याचे नखरे वेगळे: तीव्र फॉस्फोरिक आम्ल चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपास गोठते, म्हणून घट बंद असला तरी त्याला ऊब द्यावी लागते. आणि पाणबुडीतल्या माणसाला हायड्रोजनची जन्मजात धास्ती. बॅटरी भरताना सुटणारा हायड्रोजन साठू नये म्हणून तर सारखी हवा खेळती ठेवावी लागते; त्याच वायूच्या टाक्या भरून सोबत न्यायच्या, हे कोणत्या कॅप्टनला रुचेल? म्हणून इथे वायू नेलाच नाही. नेली ती सोडियम बोरोहायड्राइड नावाची पांढरी भुकटी. कोरडी ठेवली तर निवांत पडून राहते. योग्य उत्प्रेरकासह पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात आणि गंमत म्हणजे त्यातला निम्मा हायड्रोजन भुकटीतून येतो, निम्मा पाण्यातून. लागेल तेवढाच वायू, लागेल तेव्हाच. मागे बोरेटचा द्राव उरतो. ऑक्सिजन मात्र उणे १८३ अंशांवर द्रवरूपात न्यावा लागतो. त्याला पर्याय नाही. काम आधी लहान घटांपासून सुरू झाले, मग किलोवॅटचे संच झाले, मग मोठी मांडणी. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या कंपन्या उद्योगाच्या बाजूने सोबत होत्या.

८ मार्च २०२१ रोजी गंगेत घोडे न्हाले, निदान जमिनीवर तरी. पाणबुडीत जेवढी जागा मिळेल तेवढ्याच मापात बसवलेला संपूर्ण संच नौदलाच्या मागणीप्रमाणे दोन प्रकारे चालवून दाखवला: एकदा दीर्घकाळ, एकदा कमाल शक्तीने. मापाचा मुद्दा महत्त्वाचा. प्रयोगशाळेच्या मोकळ्या शेडमध्ये कोणताही संच चालतो. सहा मीटरच्या नळकांड्यात नळ्या, झडपा, थंड टाकी आणि गरम घट शेजारी शेजारी कोंबून, वर दुरुस्तीला हात जाईल अशी फट ठेवून तो चालवणे ही खरी परीक्षा. दोनच दिवसांनी, १० मार्चला, मुंबईत नवी ‘करंज’ नौदलात दाखल झाली. त्या समारंभाचे प्रमुख पाहुणे होते निवृत्त ॲडमिरल विजयसिंह शेखावत. १९७१ च्या युद्धात जुन्या ‘करंज’चे कप्तान तेच होते.

पण इथेच घोडे पेंड खाते. जमिनीवर सिद्ध झालेला संच पाणबुडीत बसवायचा म्हणजे पाणबुडी मधून कापायची, यंत्रणा बसवलेला कवचाचा नवा तुकडा मध्ये घालायचा आणि पुन्हा सांधायची. लांबी वाढते, वजन वाढते, तोल नव्याने साधावा लागतो. मूळ आराखडा फ्रान्सच्या नेव्हल ग्रुप या कंपनीचा, म्हणून तिची मान्यता हवी. त्यासाठीचा करार २३ जानेवारी २०२३ रोजी झाला. आणि हे सारे करायची संधी पाणबुडी मोठ्या दुरुस्तीला गोदीत येते तेव्हाच. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की जी डागडुजी करायची ती तेव्हाच करून घ्यावी लागते, नारळी पौर्णिमा उलटली की होडी समुद्रावर, तसेच हे. फरक इतकाच की पाणबुडीचा पावसाळा वर्षानुवर्षांनी येतो. वेळेला संच तयार नसेल तर पाणबुडी थांबत नाही, पुढची पाळी धरावी लागते. पहिली पाळी अशीच हुकली. दरम्यान, नव्या सहा पाणबुड्यांच्या निविदेत नौदलाने समुद्रात चालून सिद्ध झालेली एआयपी यंत्रणा मागितली. नौदलाची बाजू चूक म्हणता येत नाही. माणसे खाली जाणार आहेत. पण कोणी पाणबुडी दिल्याशिवाय समुद्रात सिद्ध कुठे व्हायचे, हा प्रयोगशाळेचा सवालही खोटा नाही. माझ्या मते हा पेच शास्त्रज्ञांच्या हातात सुटणारा नव्हता, तो मंत्रालयातच सुटायचा होता.

तसा तो ३० डिसेंबर २०२४ रोजी सुटायला लागला. संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला: डीआरडीओच्या एआयपी यंत्रणेसाठी कवचाचा तुकडा बांधायचा आणि तो पाणबुडीत बसवायचा. सोळा दिवसांनी, १५ जानेवारी २०२५ रोजी, या वर्गातली सहावी आणि शेवटची ‘वाघशीर’ दाखल झाली. म्हणजे नव्या कवचांचे काम हातावेगळे होत असताना जुन्या कवचांत हात घालायचे काम डॉकला मिळाले आहे. १९९४ नंतर जे झाले ते या वेळी टळायचे असेल तर असेच काम हाताशी राहायला हवे.

स्मरणिका गावातल्या मुलांच्या हातात जाईल, म्हणून एक माहिती इथेच देऊन ठेवतो. पाणबुडी म्हटले की इंजिनीअर आणि शास्त्रज्ञच लागतात असा समज आहे. माझगाव डॉकचे स्वतःचे ॲप्रेंटिस स्कूल आहे आणि तिथे आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तिन्ही पातळ्यांवर प्रवेश होतात. वेल्डर, रिगर, पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर, इलेक्ट्रिशियन हे तिथले ट्रेड. कवच कापणारे आणि पुन्हा सांधणारे हात त्यांतूनच घडतात. प्रवेशाच्या जाहिराती डॉकच्या संकेतस्थळावर येतात. दापोलीला जाणे होईल तेव्हा आयटीआयमध्येही चौकशी करावी.